म सा प रे ते प सा प सा

पाचव्या ग्रेडपर्यंत पाश्चात्त्य व्हायोलिन वाजवलेला विद्यार्थी रागसंगीत शिकायला येतो, तेव्हा त्याच्या तारा जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा लागलेल्या असतात. डीला, म्हणजे हार्मोनिअमच्या पांढरी दोनला, षड्ज धरला तर आपल्या भाषेत त्या म, सा, प, रे होतात. याच लागावर अख्खी मैफल करणारे हिंदुस्थानी वादकही आहेत, त्यामुळे हे चूक मुळीच नव्हे. तरी नवख्याला मी पहिल्याच दिवशी प, सा, प, सा लावायला लावतो. चुकून शेजारच्या मोकळ्या तारेला गज लागला तर षड्ज किंवा पंचमच वाजावा, मध्येच रिषभ ओरडू नये, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. शिवाय एका सप्तकातली बोटं पुढच्या सप्तकात जशीच्या तशी पडतात.

असे विद्यार्थी गोव्यात दुर्मीळ नाहीत. सासष्टी-बारदेशात व्हायोलिन चर्चबरोबर रुजलं. लदीन ही ख्रिस्ती प्रार्थना आणि मांडो हे कोकणी गीत त्याच्याशिवाय अपुरे वाटतात, आणि कोकणीत त्याला अजून रेबेक म्हणणारी माणसं आहेत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी हा हात मुंबईच्या चित्रपटसंगीतात नेला, प्यारेलाल यांना शिकवलं. दुसरीकडे श्रीधर पार्सेकरांसारखे गोमंतकीय वादक त्याच चार तारांवर ख्याल वाजवत होते. इथे या वाद्यावर पोट भरायचं तर दोन्ही अंगणांत ये-जा ठेवावी लागते, आणि ती ये-जा सुरू होते खुंट्यांपासून.

लाग बदलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बारीक तार ईवरून डीवर उतरवायची, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. मग जाड तार जीवरून एवर, एक स्वर वर. मधल्या दोघींना हात लावायचा नाही. चार तारांची मिळून ओढ वीस-बावीस किलोच्या घरात असते. आधी उतरवलं की घोडीवरचा, म्हणजे तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्यावरचा, भार हलका होतो आणि मग चढवणं सुरक्षित होतं. एक स्वर चढवला की त्या तारेची ओढ सुमारे सव्वापट होते, एक स्वर उतरवला की पाचव्या हिश्शाने घटते. म्हणून नेहमीच्या संचातली जाड तार चढवून वर्षभर तशीच ठेवू नये. त्या जागी हलक्या ताणाची तार घ्यावी. उतरवलेल्या बारीक तारेचा धारदारपणा जातो, ते आपल्याला हवंच असतं. गज जरा दाबला की स्वर डळमळतोय असं वाटलं, तर तिथे मात्र जास्त ताणाची तार लावावी.

चढवताना एका दमात स्वरावर जायचं नाही. पाव-पाव स्वराने चढायचं आणि दरवेळी घोडीकडे बघायचं. खुंटी पिळली की तार घोडीचा माथा आपल्याबरोबर बोटं ठेवायच्या पट्टीकडे ओढते. घोडीची टेलपीसकडची, म्हणजे तारा खाली बांधलेल्या टोकाकडची, बाजू वरच्या फळीशी काटकोनात हवी. माथा पुढे झुकलेला दिसला तर वाद्य मांडीवर घ्यायचं, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत घोडीचा वरचा भाग धरायचा आणि केसभर मागे आणायचा. हे टाळलं तर घोडी कायमची वाकते, आणि एखाद्या रात्री फाडकन आडवी होते. तेव्हा ताण एकदम सुटतो आणि आतला साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडाही पडू शकतो, कारण तो डिंकाने चिकटवलेला नसतो, दोन फळ्यांमध्ये नुसता दाबाने उभा असतो. चारही तारा एकदम काढू नका असं म्हणतात ते त्याचसाठी. तारा बदलायच्या तर एक काढा, एक चढवा. घोडीवरच्या आणि खुंट्यांजवळच्या बारीक पट्टीवरच्या खाचांत शिसपेन्सिल फिरवून ठेवली की तार अडकत नाही, सुळकन सरते.

एवढं करून व्हायोलिन लगेच लागून बसेल अशी आशा धरू नका. उतरवलेली तार रात्रभरात थोडी चढते, चढवलेली थोडी उतरते. एक हलली की बाकीच्या तिघी नाराज. तीन-चार दिवस हे चालतं. विद्यार्थ्याला वाटतं खुंट्या खराब आहेत.

मग बसणं. शोल्डर रेस्ट काढून टाकायची. डावा पाय मुडपलेला, उजवा जरा पुढे, आणि व्हायोलिनचं वळलेलं टोक उजव्या घोट्याच्या खोबणीत. दुसरं टोक डाव्या खांद्याखाली छातीशी. टोकच टेकलं पाहिजे, खुंटी नव्हे. खुंटीला पाय लागला की आलाप चालू असताना तार उतरते आणि कारण सापडत नाही. घोट्यावर पातळ सुती रुमाल ठेवावा, मे महिन्यातल्या घामाने वॉर्निश चिकट होतं. बैठकीखाली दोन-अडीच इंचांची उशी घेतली तर पायाला मुंग्या उशिरा येतात. तरी पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटांच्या वर बसवत नाही. कुरकूर करणाऱ्या गुडघ्याने कोणी सुरात वाजवत नाही.

बसल्यावर पहिली बिघडते ती गजाची वाट. उभ्याने वाजवताना वाद्य जवळपास आडवं असतं. आता ते पुढे उतरतं, त्यामुळे गज आपसूक घसरत पट्टीकडे जातो आणि आवाज फुसका, हवेचा येतो. घोडी आणि पट्टीचं टोक यांच्या बरोबर मध्ये गज राहायला हवा. समोर आरसा ठेवून मोकळ्या तारेवर लांब गज ओढायचा, एक गज वीस सेकंद, रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे. पण विलंबित एकतालात एका गजात मुखड्याचा अर्धा भाग न्यायचा असतो, तेव्हा कामाला येतं ते हेच.

आता मुख्य गोष्ट, डावा हात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या पट्टीवर बऱ्याचदा रंगीत चिकटपट्ट्या असतात, पहिलं बोट इथे, दुसरं तिथे. तारेची वाजती लांबी साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर. मोकळ्या तारेला सा धरला तर शुद्ध गंधार लांबीच्या पाचव्या हिश्शावर, म्हणजे वरच्या टोकापासून ६.५ सेंटिमीटरवर येतो. पियानोच्या पट्टीचा गंधार पडतो ६.७ वर. फरक दोन मिलिमीटरचा, पण तानपुरा चालू असताना हे दोन मिलिमीटर खोलीभर ऐकू येतात. धैवताचंही तसंच, तिथे फरक जरा कमी. पंचम, मध्यम जवळपास जागेवर असतात, म्हणून मूल गोंधळतं: काही स्वर लागतात, काही बोचतात, आणि बोट तर चिकटपट्टीवर अगदी बरोबर आहे!

यावर उपाय सांगून होत नाही, ऐकवावा लागतो. वरच्या षड्जाच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर गंधार धरायचा आणि गज तिरपा करून शेजारची मोकळी पंचमाची तार बरोबर वाजवायची. बोट चिकटपट्टीवर असताना दोन्ही आवाज एकमेकांत खरखरतात. "आता बोट मागे घे, अगदी सावकाश. उचलू नको, सरकव." खरखर मोठ्या लाटांत बदलते, लाटा मंदावतात आणि एका जागी सगळं थांबतं, वाद्य एकदम मोठं वाजल्यासारखं होतं. मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. "सर, हा तर खाली आहे." खाली नाही, हाच गंधार आहे. त्या दिवशी चिकटपट्ट्या निघतात. क्लिपवाला ट्यूनरही षड्ज लावण्यापुरताच ठेवायचा, कारण त्याचे स्वर पियानोचे. बरोबर लागलेल्या गंधारावर तो लाल दिवा दाखवतो आणि मूल पुन्हा बोट वर सरकवतं.

पुढचा महिनाभर अलंकार एकाच बोटाने. सा रे ग म फक्त तर्जनीने, तार न सोडता, सरकत. मग मधल्या बोटाने तेच. यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येते आणि अंगठा मोकळा होतो. उभ्याने वाजवताना मानेला चिकटून बसायची सवय लागलेल्या अंगठ्याने बोटाबरोबर प्रवास करायला शिकलं पाहिजे. तो मागे राहिला की मींड मध्येच तुटते, विशेषतः खाली येताना. पहिला राग भूप. पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, ग आणि प यांच्यामध्ये घसरायला ऐसपैस जागा. मग यमन, भीमपलास. भैरव मुद्दाम उशिरा. त्याचा आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा, कोमल रिषभ टोकापासून दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि आंदोलनाची सगळी रुंदी दोन-तीन मिलिमीटर. ते पहिल्या वर्षात जमत नाही आणि जबरदस्ती केली तर नुसती थरथर हाती लागते.

थरथरीवरून आठवलं. व्हायब्राटो मोडणं हे बसण्यापेक्षाही अवघड काम आहे. ग्रेडच्या परीक्षांसाठी प्रत्येक लांब स्वरावर हात हलवायची सवय मुरलेली असते, आणि हलतो हे मुलाला कळतही नाही. मोबाइलवर हाताचं चित्रीकरण करून दाखवलं की पटतं. षड्जावर उभं राहायचं, न हलता, सोळा मात्रा.

गजाचा दुसरा धडा शब्दांचा. गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, ते मींड पुष्कळ घेतली की साधतं, अशी एक समजूत आहे. डी. के. दातार किंवा एन. राजम या व्हायोलिनवादकांचं वादन कान देऊन ऐकलं तर दिसतं की गज कुठे बदलला यावर अर्धी गायकी उभी आहे. म्हणून बंदिश आधी तोंडाने म्हणायची, वहीत लिहायची आणि अक्षरांवर बाण काढायचे: इथे गज ओढला, इथे लोटला. शब्दाच्या मधोमध गज फिरला तर तो शब्द तुटला. सम शक्यतो ओढत्या गजावर यावी, म्हणून मुखड्यातले बाण समेपासून उलटे मोजत जावे लागतात. तोंडाने म्हणायला लाजणारी मुलं इथे अडतात. गाता गळा नसला तरी चालतो, पण गुणगुणल्याशिवाय गत्यंतर नाही. गजाननराव जोशी गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, हा काही योगायोग नसावा.

दीड-दोन वर्षांनी साथीला बसवता येतं, आणि कमाईची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. फोनवर पहिला प्रश्न एकच: सा कुठला? गायिका काळी चार म्हणाली तर काम सोपं. जी-डी-ए-ई लागातल्या खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने चढवायच्या, वरच्या दोन अर्ध्या स्वराने उतरवायच्या. सा, प, सा, प तयार, आणि एकाही तारेला फार ओढावं लागत नाही. गायक काळी एकचा असेल तर प, सा, प, सा: जाड तार अर्धा स्वर वर, मधल्या दोन अर्धा स्वर खाली, बारीक दीड स्वर खाली. काळी पाच ऐकली की कपाळाला आठ्या पडतात, कारण जाड तार दीड स्वर चढवावी लागते. आयत्या वेळी हे करू नये, आदल्या दिवशी सावकाश करावं किंवा सरळ हलक्या तारांचं दुसरं व्हायोलिन न्यावं. नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला तर दुसरं वाद्य हवंच. दोन गाणी एकाची, दोन दुसरीची, मध्ये निवेदक जेमतेम दोन मिनिटं बोलणार. तेवढ्यात चार तारा बदलून स्थिर होत नाहीत.

साथ करताना गायकाच्या मागून जायचं, अर्ध्या मात्रेच्या अंतराने, आणि आवाज त्याच्या खाली. तो श्वास घेतो ती जागा आपली. तिथे त्याने नुकतीच घेतलेली स्वरसंगती पुन्हा दाखवायची. त्याने अजून न घेतलेला स्वर आपण आधी लावला तर ती आगाऊपणाची हद्द. द्रुत तानेत प्रत्येक स्वर पकडायच्या मागे लागू नये, तानेचा आराखडा आणि शेवट पकडावा. हार्मोनिअमही असेल तर सुरुवातीलाच ठरवून घ्यावं की गायकाच्या रिकाम्या जागांचा भरणा कोण करणार. दोघांनी एकदम केला की गायक वळून बघतो, आणि त्या बघण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

कार्यक्रमाच्या जागी दीड तास आधी पोचावं. वातानुकूलित सभागृहात हवा कोरडी, खुंट्या आकसतात आणि सुटतात. जत्रेच्या दिवसांत देवळाच्या मंडपात उलट, रात्री दव, लाकूड फुगतं, खुंटी जागची हलत नाही. पेटी उघडून अर्धा तास वाद्य त्या हवेत ठेवायचं आणि मगच लावायचं. पंख्याचा झोत थेट तारांवर नको, प्रखर दिव्याखाली बसणं नको. दिव्याने तारा तापतात आणि उतरतात. माइक एफ-होलच्या, म्हणजे वरच्या फळीतल्या छिद्रांच्या, वर फूट-सव्वाफुटावर, गज लागणार नाही असा. ध्वनिवाल्याला इतकंच सांगायचं की घुमारा कमी ठेव, मींड वाहून जाते. बाकी त्याच्यावर सोडावं. शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्याशी वाद घातलेला महागात पडतो.

जून ते सप्टेंबर हा वेगळाच संसार. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा या चार महिन्यांत. व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती ८५च्या वर जाते. जोड चिकटवायला वापरतात तो सरस मुद्दाम नमता असतो: लाकूड फुगलं की जोड उघडतो, फळी तडकत नाही. कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करत गेलं आणि एका जागी आवाज भद्द आला, तर जोड सुटलाय. तिथे फेविकॉल लावू नका. नंतर तो निघत नाही आणि दुरुस्ती करणारा कपाळावर हात मारतो. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नका. रात्रभर एसीच्या ड्राय मोडमध्ये ठेवा, सकाळी वळते. मग ती काढून सुका साबण आणि शाळेतला खडू थोडा थोडा घासायचा, साबण सरकवतो, खडू धरतो. खोबरेल कधीच नाही, कितीही जवळ असलं तरी.

गजाचे घोड्याचे केस ओलाव्याने लांबतात. नेहमीइतका स्क्रू पिळूनही गज सैल वाटतो, आणि जास्त पिळला तर काठी सरळ होते. वाजवून झाल्यावर सैल करायलाच हवा. तसाच ताणून ठेवला आणि हवा कोरडी झाली तर केस आखडून काठीवर ताण येतो. पावसाळ्यात कार्बन फायबरचा गज सोयीचा, आवाजात थोडी तडजोड आहे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परताव्यात. महिनाभर पेटी बंद राहिली तर बारीक किडे केस कुरतडतात. उघडल्यावर पाच-सहा केस तुटून लोंबताना दिसले तर पेटी उन्हात रिकामी उघडून ठेवायची, वाद्य नाही.

पैशाचं थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैफलींचे दिवस: कला अकादमीचा केसरबाई केरकर समारोह, जुन्या गोव्यात टेकडीवरच्या कपेलीपाशी होणारा मॉन्ते महोत्सव, शिवाय जत्रांचे कार्यक्रम. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहापासून चवथीपर्यंत भजनाची साथ. उरलेले महिने शिकवणी सांभाळते. चार-पाच मुलांच्या वर गट करू नये. सहावं मूल आलं की कोणाचा गंधार वर आहे ते कळेनासं होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पालकांना हव्या असतात, द्याव्यात. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत. मात्र एका वर्षात दोन उड्या मारायचा हट्ट कोणी धरला तर नाही म्हणावं. बिदागी आधी ठरवावी, प्रवासासकट. "घरचंच कार्य आहे" हे वाक्य आलं की आणखी स्पष्ट ठरवावी.

यातली बरीच मुलं रविवारी चर्चच्या वाद्यवृंदातही बसतात, म्हणून शनिवारी रात्री उलटा प्रवास. आता क्रम उलट नाही, तोच: आधी उतरवणं, मग चढवणं. जाड तार एवरून जीवर आणि मग बारीक तार डीवरून ईवर. बारीक तार तुटते ती इथेच, बहुधा घोडीपाशी किंवा खुंटीच्या भोकाशी, आणि तुटताना गालावर येते. तोंड बाजूला ठेवूनच पिळायची. दर आठवड्याला अशी वर-खाली होणारी तार तीन महिनेही टिकत नाही. पेटीच्या कप्प्यात ईच्या दोन जादा तारा असू द्याव्यात, आणि एकीचं पाकीट आधीच फोडून ठेवलेलं असावं.